कमलच्या फोटोतला परका हात

लग्नाच्या मुलीचा फोटो घरच्या माणसाकडून काढून घेऊ नये, असं आमची ही ओळखीतल्या प्रत्येक घरात बजावून आली आहे. का, असं कोणी विचारलं की ती माझ्याकडं बोट दाखवते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. मग उरलेलं मला सांगावं लागतं. आज तुम्हालाही सांगतो. फक्त चहा आधी संपवून टाका. माझ्या अकलेची ही कथा ऐकताना कप हातात असला तर सांडतो, असा अनुभव आहे, आणि डाग धुवायला परत हिच्याचकडं जावं लागतं!

गोष्ट मुलुंडची. तेव्हा मुंबई राज्य होतं, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. गावाकडं आम्ही 'मुंबईत राहतो' असं ऐटीत सांगायचो, आणि मुंबईतली माणसं आमच्याकडं आली की हवापालटाला आल्यासारखी अंगणात उभी राहून खोल श्वास घ्यायची. बैठं घर, पुढं ओटा, ओट्यापुढं अंगण आणि अंगणाला कमरेएवढं लाकडी फाटक. हे फाटक लक्षात ठेवा. ह्या फाटकानंच माझी अब्रू घेतली.

मला त्या वेळी कॅमेऱ्याचं वेड लागलं होतं. ऑफिसातले एक गृहस्थ बदली होऊन दिल्लीला निघाले, त्यांनी जाताना आपला जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. डबाच तो! काळा, चौकोनी, पुढं एक भिंग आणि डोक्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी काच. पोटाशी धरायचा, मान खाली घालून काचेत बघायचं आणि खटका ओढायचा. त्या काचेत उजवं ते डावं दिसायचं. 'जरा उजवीकडं सरक' म्हटलं की समोरचं माणूस काचेतून बाहेरच जायचं, आणि मग मी त्याच्यावरच ओरडायचो.

शिकवणारं कोणी नव्हतं. लायब्ररीतून एक इंग्रजी पुस्तक आणलं, शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर चिकाटीनं वाचलं. त्यातले नियम मला पाठ झाले. चित्रात विषय एकच असावा. नको असेल ते निर्दयपणे कापावं. माणूस जिकडं बघत असेल तिकडं मोकळी जागा सोडावी. आणि माणसालाच कापायची वेळ आली तर सांध्यावर कापू नये. गुडघा, मनगट, कोपर टाळून मध्ये कापावं.

हा शेवटचा नियम मी हिला जेवताना ऐकवला.

"सांध्यावर नाही कापायचं?" ही म्हणाली. "मग मध्ये कापलं की हाड नाही लागत?"

"अगं, फोटोत!"

"फोटोत का होईना, माणसंच ना ती? सुरमई कशी कापायची हे कधी विचारलं नाहीत इतक्या वर्षांत."

आता हे कापणं म्हणजे काय, ते सांगतो. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे मी दोन काटकोनी तुकडे केले होते. स्टुडिओतून छोटा फोटो आला की हे दोन तुकडे समोरासमोर ठेवून त्यांची चौकट करायची. ती पुढंमागं सरकवत बसायचं, आणि चित्र मनासारखं दिसलं की पेन्सिलीनं खूण करायची. स्टुडिओवाला तेवढाच भाग मोठा करून द्यायचा. बाकीचं गुल! काय नशा होती हो त्यात! समोरच्या माणसाचं किती ठेवायचं आणि किती नाही, हे सर्वस्वी आपल्या हातात. ऑफिसात दौत कुठं ठेवायची हेसुद्धा मला ठरवता येत नव्हतं. माझ्या मामांच्या एकसष्टीचा फोटो मी असा कापत कापत भुवयांपासून हनुवटीपर्यंत आणला होता. मामींनी तो हातात घेतला आणि विचारलं, "ह्यांना खिडकीच्या फटीतून काढलंत का?"

पण मी खचणारा माणूस नव्हतो. आणि तशात कमलचा फोटो काढायची वेळ आली.

कमल म्हणजे हिची धाकटी बहीण. माझी सासुरवाडी कुडाळकडची. मुंबईकडचं स्थळ बघायला सोयीचं, आणि शिवणाचा क्लासही होईल, म्हणून कमल आमच्याकडं राहायला आली होती. जीभ तिखट, पण डोकं बर्फासारखं थंड. स्थळं येत होती, जात होती. कधी तिकडून नको यायचं, बहुतेक वेळा कमलच नाक मुरडायची. सासऱ्यांना काळजी, हिला त्याहून जास्त. एकदा कमल अंधेरीला एका मैत्रिणीच्या लग्नाला जाऊन आली आणि आल्या आल्या बहिणीजवळ बसली.

"ताई, पंगतीत एक मुलगा होता वाढायला."

"मग?"

"जिलबी घेऊन आला. मी नको म्हटलं. तर पुढं गेला गं!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे खरंच पुढं गेला. 'एक तरी घ्या' नाही, 'आमच्यासाठी' नाही, पानात टाकून पळाला पण नाही. नको म्हटलेलं कळतं असा पुरुष मी पहिल्यांदा बघितला."

असं म्हणून तिनं माझ्याकडं का बघितलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

ही कामाला लागली. चौकशी केली तर मुलगा लग्नाचा निघाला. नाव रघुनाथ, शाळेत गणिताचा मास्तर, अंधेरीलाच आईवडिलांसोबत राहणारा. आणि योग बघा, हिच्या भिकूकाकांची त्या घराशी जुनी ओळख! काकांनी शब्द टाकला. रघुनाथची आई, सगळे त्यांना माई म्हणायचे, त्यांचा निरोप आला, की आधी मुलीचा फोटो पाठवा, मग पुढचं बोलू.

इतक्या स्थळांनंतर कमलनं एकाला आपणहून हो म्हटलेलं, आणि आता सगळं एका फोटोवर येऊन थांबलेलं. कळलं ना, केवढी जबाबदारी?

"स्टुडिओत नेते तिला," ही म्हणाली. "उभा फोटो, फुलदाणीशेजारी. सगळ्या मुलींचा काढतात तसा."

"त्या हंसांपुढं?" मी किंचाळलोच. स्टेशनाजवळच्या त्या स्टुडिओत एकच पडदा होता. त्यावर एक तळं आणि दोन हंस रंगवलेले. मुलुंडमधली प्रत्येक लग्नाळू मुलगी त्या तळ्याकाठी उभी राहून गेलेली. "घरात कलावंत असताना त्या हंसांपुढं?"

"घरात कोण असताना?"

"मी काढतो. कमल, तू सांग."

कमल सुईत दोरा ओवत होती. "काढा भावजी. फक्त मी ओळखू येईन एवढं बघा. अंधेरीहून येऊन दुसरीलाच घेऊन जायला नकोत."

रविवारी सकाळी ऊन कोवळं असताना मी तिला ओट्याजवळ उभी केली आणि फोटो काढला. डोक्यापासून पावलांपर्यंत, अख्खा. छोटा फोटो हातात आला तेव्हा ही म्हणाली, "छान आलाय. हाच पाठवा."

आता तुम्हीच सांगा, मी तो होता तसा पाठवला असता तर ही गोष्ट इथंच संपली नसती का? पण माझे पुठ्ठे वळवळायला लागले! साडीच्या निऱ्या, चपला, ओट्याची फुटकी पायरी, कशाला हवं ते सगळं? निर्दयपणे कापा! मी कापत कापत कंबर ओलांडली, कोपर टाळलं आणि चेहरा, खांदे, गळ्यातली साखळी एवढं ठेवलं. मोठा फोटो आला तो खरोखर सुरेख होता. अजूनही म्हणतो मी, सुरेख होता.

भिकूकाका तो घेऊन अंधेरीला गेले, आणि पुढच्या रविवारी आमच्या ओट्यावर येऊन बसले. काका साठी उलटलेले, मुंबईत जन्म गेला पण बोलणं कुडाळचंच राहिलेलं. मी चहा घ्या म्हटलं.

"चाय मगे, जावयबापू. आधी माका सांगा, चेडवाक दोनव पाय आसत मां?"

"मुलीला दोन्ही पाय आहेत का? म्हणजे काय?"

"माका इचारल्यानी त्येनी. फोटो कमरेच्या वर संपता, म्हणजे खाली कायतरी भानगड आसतली. लपवतत म्हणान कापलो."

"काका, तुम्ही तिला जन्मापासून ओळखता ना? सांगायचं होतंत!"

"सांगितलंय. मी बघलंय तेव्हा दोन होते. पण ता झाला ल्हानपणी."

आतून कमल आली. काकांच्या पुढ्यात उभी राहिली, साडी घोट्यापर्यंत उचलली आणि म्हणाली, "मोजा."

ही माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, ठीक आहे, त्यांना पाय हवेत, पाय देऊ. पण कलेशी तडजोड नाही. ह्या वेळी मी कमलला ओट्याच्या पायरीवर बसवली, पावलं पुढं, नीट दिसतील अशी. नुसतं कॅमेऱ्यात टक लावून बघणं गावंढळ वाटतं, म्हणून तिला बाजूला शेजारच्या पेरूच्या झाडाकडं बघायला सांगितलं. आणि नियमाप्रमाणं ती जिकडं बघत होती तिकडं भरपूर मोकळी जागा सोडली. म्हणजे फोटोच्या एका कडेला कमल, आणि उरलेल्या चित्रात शेजाऱ्याचं अंगण.

"हे अंगण कशाला?" हिनं विचारलं.

"नजरेला वाट हवी."

"नजरेला वाट आहे, मुलीला जागा नाही. बिचारी कडेवरून पडेलशी दिसतेय."

पण फोटो गेला. आणि रविवारी काका परत आले. ह्या वेळी त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"पायांचा मिटला," काका म्हणाले. "आता माका इचारल्यानी, एक डोळो दिसता, दुसरो खंय आसा?"

"अहो, बाजूनं काढलाय फोटो! दुसरा पलीकडं आहे!"

"ता माका कळता. पण त्येंका वाटता तो बाद आसा. आनी बसलेली कित्याक? उंची लपवतत काय?" काकांनी आवाज खाली आणला. "आनी माईनी आणखी एक इचारल्यानी. ता चेडू बघता कोणाक? त्या बाजूक ऱ्हवता कोण?"

त्या बाजूला एक तरुण कंपाउंडर राहायचा! मी कपाळावर हात मारला. सोडलेली मोकळी जागा नेमकी त्याच्या खिडकीपर्यंत पोचत होती.

"भावजी," कमल म्हणाली. आवाज शांत होता, पण ती हसत नव्हती. "पहिल्या फोटोत मी लंगडी झाले. दुसऱ्यात आंधळी, बुटकी आणि शेजारच्यावर डोळा असलेली. अजून एक फोटो काढलात तर मी गावाला जाते."

ते मला लागलं. खरंच लागलं. चेष्टा करणारी मुलगी, पण त्या संध्याकाळी तिनं शिवणाचं मशीन उघडलंच नाही. रात्री ही अंधारात म्हणाली, "पहिल्यांदा तिला कोणीतरी आवडलाय हो." बस्स, एवढंच.

म्हणून मी ठरवलं, की आता शंकेला जागाच ठेवायची नाही. उभी, समोरून, दोन पाय, दोन डोळे. उंचीचा प्रश्न उरला. ती कळणार कशी? शेजारी मापाचं काहीतरी हवं. मग मला सुचलं, की मीच उभा राहतो! काकांनी मला पाहिलेलं आहे, माझी उंची ते तिकडं सांगतील, आणि त्यावरून कमलची कळेल. शास्त्रशुद्ध!

हा शेवटचा, म्हणून हिनं समजूत घातली तेव्हा फाटकाशी कमल उभी राहिली. तिच्या शेजारी मी. मी माझा एक हात तिच्या मागून फाटकावर टेकवला, कारण हात नुसते लोंबकळत ठेवणं पुस्तकाला मान्य नव्हतं. कॅमेरा हिच्या हातात दिला. हिनं ना पुस्तक वाचलेलं, ना नियम मनावर घेतलेले. तिनं डबा पोटाशी धरला, "हं, हसा" म्हणाली आणि खटका ओढला.

काय सांगू तुम्हाला, फोटो उत्तम आला! दोघं अख्खे, सरळ, स्वच्छ. कमल प्रसन्न, मी रुबाबदार. तो तसाच पाठवायचा होता. फक्त पाकिटात घालायचा होता!

पण त्या रात्री मी तो दिव्याखाली धरला आणि मला खटकायला लागलं. चित्रात विषय एकच असावा. इथं तर दोन होते. आणि खरं सांगायचं तर दुसरा विषयच जास्त नजरेत भरत होता. मुलाकडच्यांनी बघायचं कोणाकडं? मी पुठ्ठे काढले. स्वतःला कापायला धैर्य लागतं हो! मी ते दाखवलं. खांदा, कान, निम्मं धोतर, सगळा मी गुल. फक्त कमलच्या मागून आलेला हात तेवढा राहिला. तो काढायला गेलो असतो तर कमलचा पदर कापावा लागत होता. म्हटलं असू दे, हात तर हात! घड्याळही बरं दिसतंय. आणि नियमाप्रमाणं मी तो सांध्यावर कापलेला नव्हता.

मला शाबासकी थेट अंधेरीहून हवी होती म्हणून मोठा फोटो मी कोणालाच न दाखवता परस्पर काकांकडं पोचवला.

तुमच्या लक्षात आलं का? मी मापासाठी उभा राहिलो होतो आणि माप मीच कापून टाकलं होतं. पण ती चूक फारच किरकोळ ठरावी, असं काहीतरी मी शिल्लक ठेवलं होतं.

काका रविवारची वाट न बघता मधल्या वारीच आले. फाटकातूनच ओरडले.

"जावयबापू! तो हात कोणाचो?"

"कुठला हात?"

काकांनी फोटो ओट्यावर आपटला. आणि तेव्हा, परक्या नजरेनं, मी तो पहिल्यांदा पाहिला. एक लग्नाची मुलगी गोड हसत उभी आहे. चौकटीच्या बाहेरून एका पुरुषाचा हात आलाय. मनगटावर घड्याळ. हात फाटकावर आहे हे मला माहीत होतं. बघणाऱ्याला त्यानं सरळ तिच्या कमरेला मागून वेढा घातलेला दिसत होता. आणि तो हात येत होता पेरूच्या झाडाच्या बाजूनं!

"माई म्हणता," काकांचा श्वास लागला होता, "आदल्या फोटोत बघी होती तोच ह्यो. आता बाजूक येवन उभो ऱ्हवलो. पुढच्या फोटोत अक्षता टाकूक बोलवतत काय?"

हिनं फोटो उचलला, बघितला, माझ्याकडं बघितलं. "हे तुम्ही कापलंत?"

"म्हणजे, विषय एकच..."

"मी काढलेला अख्खा फोटो तुम्ही कापलात?"

"ऐतवारी माई स्वता येतत," काका म्हणाले. "नको म्हणून सांगूक. माणसां चांगली, म्हणान तोंडार सांगतत."

कमल दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला. रविवारपर्यंत तरी थांब, म्हणून हिनं तिला कसंबसं अडवलं.

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. माई आल्या, सोबत रघुनाथ आणि काका. माई ठेंगण्या, गोऱ्या, डोळे असे की समोरच्याचं काळीज चाळून घ्यावं. रघुनाथ उंच, किडकिडीत, चपला कोपऱ्यात जोडून ठेवणारा. हिनं पोहे आणले. कमल आली, नमस्कार केला, समोर बसली. चालताना माईंची नजर पायांवर, बसल्यावर डोळ्यांवर, पाळीपाळीनं दोन्ही. मग माईंनी पिशवीतून फोटो काढला आणि तो पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "भिकूभाऊंचं घर म्हणून समोर येऊन विचारते. हा कोण?"

"मी!" मी उभाच राहिलो. "मीच आहे तो! म्हणजे माझाच हात आहे!"

"तुमचा? मग बाकीचे तुम्ही कुठं गेलात?"

"कापला."

"कोणी?"

"मीच."

माईंनी काकांकडं बघितलं. काकांनी वर आढ्याकडं बघितलं.

"आई, मी म्हटलं होतं ना," रघुनाथ हळूच म्हणाला. "हाताच्या वळणावरून तो माणूस फाटकाच्या अगदी जवळ उभा असणार, आणि वयानं..."

"तू गप रे. इथं काय भूमिती चालली आहे?" माई माझ्याकडं वळल्या. "हात दाखवा."

मी बाही वर केली. त्यांनी माझं मनगट धरलं, फोटो शेजारी लावला, घड्याळाचा पट्टा बघितला, बोटं बघितली, उलटं करून अंगठा बघितला. मुलगी बघायला आलेली माणसं पोहे खात होती आणि बघितला जात होता माझा हात! एकदा वाटलं, चालूनही दाखवायला सांगतात की काय.

"हाच आहे," माई शेवटी म्हणाल्या. "नखं सुद्धा तीच." पण फोटो त्यांनी पिशवीत परत ठेवला नाही. चेहऱ्यावरून हो दिसेना, नको दिसेना. हिचा जीव पदराच्या टोकात गोळा झालेला. कमल जमिनीकडं बघत बसलेली.

आता कोणीही शहाणा माणूस अशा वेळी काय करेल? गप्प बसेल. आणि मी काय केलं असेल?

"एक मिनिट," मी म्हटलं. "तुमच्या समोरच एक व्यवस्थित फोटो काढतो. सगळ्या शंका फिटतील!"

"अहो!" ही ओरडली. पण मी कॅमेरा घेऊन अंगणात पोचलोसुद्धा.

कमल उठली, माझ्यामागून आली आणि फाटकाशी उभी राहिली. बाकीचे ओट्यावर. "मान जराशी तिरकी," मी म्हटलं. तिनं केली. "एवढी नाही." कमी केली. "आता उजवीकडं सरक. उजवीकडं! अगं, बाहेर चाललीस!" ती परत आली. पेरूची फांदी मध्ये येत होती, ती धरायला मी रघुनाथला उभं केलं. तो धरून उभा राहिला. फांदी सुटली की सावली पडायची, सावली गेली की ढग यायचा. "हलू नकोस, ऊन येतंय," मी म्हटलं. ऊन काही येईना. "पदर. हनुवटी. हसू जरा कमी. आता जरा जास्त."

"तुमची मान नाही दुखत?" रघुनाथनं फांदीआडून विचारलेलं मला ऐकू आलं.

"दुखते की," कमल ओठ न हलवता म्हणाली. "पण नको म्हटलेलं ह्यांना कळत नाही."

"मग चिडत नाही तुम्ही?"

"चिडले की चेहरा बदलतो. मग ते पहिल्यापासून सुरू करतात."

फांदी हलली. रघुनाथ हसत होता वाटतं.

मी काचेत डोकं घालून ढग जायची वाट बघत होतो, तेवढ्यात ओट्यावरून माईंचा आवाज आला, अगदी ठणठणीत.

"भिकूभाऊ, मुलगी पसंत आहे आम्हाला."

डबा माझ्या हातातून पडतापडता वाचला! हिच्या डोळ्यांत पाणी. काका पटकन पोह्यांकडं वळले, कारण त्यांनी तोवर संकोचानं बशीला हात लावला नव्हता. आणि मी? मी कॅमेरा छातीशी धरून ओट्याजवळ गेलो. नम्रपणे, पण उत्तर माहीत असल्यासारखं विचारलं, "माई, नेमका कुठला फोटो तुमच्या मनात भरला? पहिला ना?"

"फोटो?" माई म्हणाल्या. "अहो, फोटो बघून तर आम्ही नको सांगायला आलो होतो."

"मग?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमचे हे रिटायर झाले आणि पेटी घेऊन बसले. गुरू नाही, काही नाही. आपलं आपणच शिकतात, पुस्तकात बघून. पहाटे चारला भाता सुरू. एक सूर लागला नाही की परत पहिल्यापासून. आधी बघितलेल्या दोन मुली घर बघायला आल्या, पेटी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी नकार. म्हटलं, माझ्या रघूला बायको मिळायची कशी?" त्यांनी माझ्याकडं हात केला. "आणि आज बघते तर ही पोर तुमच्यापुढं इतका वेळ उभी आहे, आणि कपाळाला एक आठी नाही. म्हटलं, हिनं हे सोसलंय, तर ती पेटी म्हणजे काहीच नाही."

मी हिच्याकडं बघितलं. म्हटलं, हिनं तरी माझी बाजू घ्यावी. पण ही माईंच्या शेजारी सरकून बसली होती आणि अगदी जुन्या मैत्रिणीसारखी विचारत होती, "पण तुम्ही कशा हो सोसता?"

"मी कानात कापूस घालते. आणि तुम्ही?"

"माझं त्या मानानं बरं आहे. मला ह्यांनी अजून एकाही फोटोत अख्खी घेतलेली नाही."

दोघी हसत सुटल्या. काका पोह्यांचा घास तोंडात धरून हसत होते. मी कॅमेऱ्याचं भिंग धोतराच्या सोग्यानं पुसत उभा राहिलो. तेवढ्यात मागून फाटकाकडून आवाज आला, शांत आणि सोशिक.

"भावजी, मान सरळ करू का आता?"